धूळ, जैसे थे

आमच्या घराच्या मधोमध एक खोली आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. खोली सासऱ्यांची. ते खुर्च्या-सोफे मढवायचे आणि शेवटपर्यंत त्याच खोलीत बसून मढवत राहिले. ते गेल्यावर घराचे दोन भाग झाले. डावा आमचा, उजवा माझ्या धाकट्या दिराचा. मधली खोली कुणाची, यावर दोघा भावांचं जमेना. माझा नवरा म्हणाला, दार माझ्या बोळात उघडतं, म्हणून खोली माझी. दीर म्हणाला, बाबांचा धंदा मी चालवतो, म्हणून खोली माझी. दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची काही सोयच नव्हती.

निकाल लागेपर्यंत खोली 'जैसे थे' ठेवावी, असं कोर्टाने सांगितलं. दोघांनी दाराला एकेक कुलूप ठोकलं आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. बोलणं टाकायला कोर्टाने सांगितलं नव्हतं, ते त्यांनी पदरचं घातलं.

माझा नवरा जमिनींचे नकाशे काढायच्या कचेरीत आहे. रेघ सूतभर इकडची तिकडे झाली तरी त्याला अन्न गोड लागत नाही. असा माणूस आणि त्याच्या हातात कोर्टाचा हुकूम, म्हणजे काय होणार ते दिसतच होतं. एकदा मी त्या दाराच्या चौकटीवरचं कोळ्याचं जाळं काढायला गेले, तर त्याने माझ्या हातातला झाडू धरला.

"ते राहू दे."

"जाळं?"

"हुकूम झाला तेव्हा ते होतं का?"

"मला काय माहीत! मी काय कोळ्याला विचारत बसले होते?"

"मग राहू दे. उगाच शंकेला जागा नको."

जाळं राहिलं. कोळ्याला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो वाढवत गेला. खोलीच्या आतली धूळही दाराखालच्या फटीतून बोळात येत राहिली. मी ती रोज झाडायची. माझा नवरा म्हणायचा, बोळातली झाडलीस तर हरकत नाही, बोळ आपला आहे.

आमची मुलगी दुसरीत आहे. जन्मली तेव्हा एवढ्या मोठ्याने रडली होती की काकाने तिचं नाव पिपाणी पाडलं. सगळे तेच म्हणतात. मागच्या वर्षी तिला शिंका सुरू झाल्या. सकाळी उठली की एकापाठोपाठ एक, मोजायची सोय नाही. मग खोकला, मग दम. छातीतून बारीक शिट्टी यायला लागली. जिन्याचं एक वळण चढली की थांबायची आणि भिंतीला हात लावून, आपण मुद्दामच थांबलोय असं दाखवायची. तिला त्या नावाने हाक मारायचं मी तेव्हा सोडून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, तोंडात मारायचा फवारा दिला आणि म्हणाल्या, "घरातली धूळ कमी करा. औषध निम्मं काम करेल, निम्मं तुम्ही करायचं."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. काचेवरचा एवढासा कण मला दुरून दिसतो आणि दिसला की चैन पडत नाही. त्यामुळे माझं निम्मं काम मी मनापासून केलं. सतरंजी गेली. जाड पडदे गेले, पातळ आले, तेही दर आठवड्याला धुवायचे. कोरडा झाडू बंद, सगळं ओल्या फडक्याने पुसायचं. झटकलं की धूळ जात नाही, नुसती जागा बदलते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला इतकी वर्षं झटकत आल्याचं फार वाईट वाटलं. चादरी कढत पाण्यातून काढल्या. गादीला चेन लावलेली खोळ घातली. पोरीचं कापडी अस्वल धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. शेवटी ते इतकं बारीक झालं की तिनेच त्याला आजारी ठरवून टाकलं. नवऱ्यानेही मदत केली. घराचा नकाशा काढला, त्यात धुळीच्या जागा तांबड्या रंगाने दाखवल्या आणि मधली खोली कोरी सोडली.

"ही का कोरी?" मी विचारलं.

"ती आपल्या अखत्यारीत नाही."

शिट्टी थांबली नाही. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नेमकं कशाचं वावडं आहे ते पाहू. त्यांनी पोरीच्या हातावर ओळीने थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबाशी सुईचं टोक टेकवलं. धुळीतल्या बारीक किड्यांच्या थेंबाशी हात फुगला, त्यात नवल नव्हतं. पण त्याच्या शेजारचा एक थेंब असा टरारून फुगला की डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुढे ओढून पाहिलं.

"घोडा," त्या म्हणाल्या. "घोड्याच्या केसांचं वावडं आहे हिला. घरात घोडा आहे का?"

"नाही," माझा नवरा म्हणाला. थोडा विचार करून त्याने भर घातली, "आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो."

"शेजारी? कुणी घोड्यावर बसायला जातं का? घोड्याच्या केसांची एखादी वस्तू?"

 माझ्या नवऱ्याचं तोंड उतरत गेलेलं मला दिसलं.

"बाबांची पोती," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. जुन्या खुर्च्यांच्या बैठकीत घोड्याचे केस भरायचे, सासरे त्यातले जाणकार. फोम बसतो तो बसतोच, केस दाबला तरी पुन्हा उठतो, असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्या केसांची पोती त्या खोलीत होती. किती होती कुणास ठाऊक, पण होती, आणि तीन वर्षांच्या धुळीखाली होती. खोलीचं दार पोरीच्या पलंगापासून चार पावलांवर.

"केस काढून टाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती खोली पुसून घ्या. लवकर."

दिराशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याशी बोलणं त्याने टाकलं नव्हतं. खाली रस्त्याला लागून त्याचं दुकान आहे. मी गेले तेव्हा तो एका खुर्चीवर वाकलेला होता, तोंडात बारीक चुका धरलेल्या. मढवणारे कारागीर हे खिळे खिशात ठेवत नाहीत, ओठांत ठेवतात, आणि हातोडीच्या टोकाला एकेक लावून ठोकतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना निम्मा वेळ आपणच बोलायचं असतं.

"भाऊजी, पोरीची तपासणी झाली," मी म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस काढून टाका. त्याशिवाय तिचा दम जायचा नाही."

त्याने तोंडातल्या चुका एकेक करून डबीत टाकल्या.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या असं?"

"हो."

"त्यांना काय कळतं त्यातलं?"

"म्हणजे काय? शिकल्यात त्या."

"दादाने शिकवलं असणार." त्याचा आवाज चढला. "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पोरीच्या आजारपणाआडून केस काढायला लावता? मी केस काढणार नाही. वरच्या कोर्टात जाईन, त्याच्याही वरच्या जाईन, पण केस म्हणून काढणार नाही!"

मला आधी काही उमजेना. मग असं उमजलं की माझं डोकंच फिरलं.

"अहो, ती केस नाही, ते केस! घोड्याचे!"

"घोड्यांचा काय संबंध?"

"पोत्यांतले! मामंजींच्या पोत्यांतले केस! पोरीला त्यांचं वावडं आहे!"

रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघायला लागले. दीर खुर्चीच्या उघड्या बैठकीकडे बघत उभा राहिला. पोरीला त्याने त्याच दुकानात चिंध्यांच्या ढिगाऱ्यावर खेळवलं होतं, त्याला ती काही कमी प्रिय नव्हती.

"न्या काढून पोती," तो म्हणाला. "माझी ना नाही. फक्त दादाने लिहून द्यावं, की पोती काढली म्हणून खोली त्याची झाली नाही."

मी वर आले. नवरा म्हणाला, "देतो की. फक्त त्यानेही लिहून द्यावं, की पोती त्याच्या धंद्याची म्हणून खोली त्याची ठरत नाही."

मी खाली गेले. मग वर आले. अशा माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि शेवटी मसुदा दोन वकिलांकडे गेला. दोन वकिलांकडे गेलेली गोष्ट लवकर परत येत नाही. आमचे वकील म्हणाले, केस चालू आहे तोवर केस हलवायचे तर कोर्टाची परवानगी लागेल, अर्ज करू. अर्ज केला. तारीख मिळाली ती सुट्ट्यांनंतरची. तोवर मी दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबून ठेवला. नवऱ्याने वकिलाला फोन करून विचारलं, टॉवेल चालेल का. वकील म्हणाले, चालेल, पण टोक आत जाऊ देऊ नका.

मी हे सगळं ऐकून घेत होते, कारण दोघांपैकी एकही वाईट माणूस नाही. वाईट असते तर मी केव्हाच दोघांना सरळ केलं असतं.

एका दुपारी पोरगी शाळेतून येताना जिन्याच्या वळणावरच बसली. दप्तर पाठीला तसंच. मी धावत गेले तर तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती हाताने मला सांगत होती की थांब, बोलते, थांब. ती बोलूच शकत नव्हती. दवाखान्यात तिला मुखवटा लावून औषधाची वाफ दिली. नवरा कचेरीतून तसाच आला, हाताला शाई.

"खोली उघडली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तारीख पुढच्या महिन्यात आहे," नवरा म्हणाला.

"बरं. मग हिच्या फुप्फुसांना तसं कळवून ठेवा."

  मी पोरीचा हात धरून बसले होते आणि मला इतकी भीती वाटत होती की रागही येत नव्हता. राग दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

चष्म्याच्या दुकानात धातूच्या फ्रेमा कापायची एक छोटी करवत आहे. ती मी मालकांना विचारून घरी आणली. पोरीला जावेकडे बसवलं आणि दारासमोर स्टूल घेऊन कुलपं कापायला बसले. आधी कुणाचं कापायला घेतलं ते मी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. त्यावरून वेगळा खटला उभा राहील.

बराच वेळ झाला तरी कुलपाच्या कडीवर नुसते ओरखडे उठत होते. तेवढ्यात मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. आवाज ऐकून दीर आला होता. तो माझ्याकडे पाहत होता, करवतीकडे पाहत होता, त्याच्या कुलपाकडे पाहत होता. मी म्हटलं, आता हा ओरडेल, मग मीही ओरडेन, एकदाचं होऊन जाऊ दे.

"वहिनी," तो म्हणाला, "पातं उलटं लावलंय."

मी पातं सुलटं केलं. तो वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे पुढेमागे विचारलं तर काही पाहिलं नाही असं खरं सांगता आलं असतं. दोन्ही कुलपं खाली पडेपर्यंत तो तसाच उभा होता.

आत धुळीची साय धरली होती. सासऱ्यांचं स्टूल, हातोडी, अर्धी मढवलेली एक खुर्ची, आणि भिंतीला लागून पोती. दोन पोती उंदरांनी फाडलेली, त्यांतून काळे-तपकिरी केस बाहेर सांडलेले. आम्ही दोघांनी नाकातोंडाला फडकी बांधली. दिराने प्रत्येक पोतं ओल्या चादरीत गुंडाळलं, केस उडू नयेत म्हणून, आणि मागच्या जिन्याने खाली नेलं. शेवटचं पोतं नेताना तो म्हणाला, "असा माल आता मिळत नाही," आणि मग बहुधा पोरगी आठवली असावी, कारण पुढे काही बोलला नाही.

संध्याकाळी नवरा आला. उघडं दार पाहून बोळातच थबकला. मी फडकं पिळत होते, मी मान वर केली नाही. तो आत जाऊन कागद घेऊन आला आणि खोलीचा नकाशा काढायला बसला. स्टूल कुठे, हातोडी कुठे, खुर्चीचे पाय कुठे, सगळं मापून. "नंतर सगळं जिथल्या तिथे ठेवता आलं पाहिजे," तो म्हणाला. "धूळ सोडून." मग बाह्या वर करून त्याने बादली उचलली. एक भाऊ या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, दोघं एकमेकांकडे पाठ करून पुसत होते. "त्याला सांग, वरून खाली पुसायचं असतं," नवरा मला म्हणाला. "त्याला सांगा, मला माहितेय," दीर मला म्हणाला. मी कुणालाच काही सांगितलं नाही, कारण खोली दहा फुटांची होती.

शिट्टी काही त्याच रात्री थांबली नाही. पण कमी होत गेली. एका सकाळी शिंका आल्या नाहीत. पुढे डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "औषध चालू ठेवा. पण छान." त्या दिवशी पिपाणी जिना धावत चढली आणि वरून एवढ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं. मी त्यांची माफी मागितली नाही.

मग आमच्या अर्जावरून कोर्टाचा माणूस खोलीची पाहणी करायला आला आणि त्याला चौकटीखाली दोन कापलेली कुलपं दिसली. ती मी उचलायची विसरले होते. नवरा म्हणतो, आठवलं असतं तरी त्याने उचलू दिली नसतीच.

आमचे वकील म्हणाले, हा कोर्टाचा अवमान आहे, ज्याने तोडली त्याला आतही जावं लागेल. मी मनाशी ठरवलं, सरळ सांगायचं, मी तोडली. पोरीचा श्वास पुन्हा तसा अडकला तर पुन्हा तोडेन, हेही सांगायचं. नवऱ्याला मी हे बोलले नाही. तोही सुनावणीच्या आधी नेहमीपेक्षा गप्प होता, पण तो नेहमीच गप्प असतो.

न्यायाधीशांच्या चष्म्याची एक काच तिरकी बसवलेली होती, ते मला आत शिरताच खटकलं. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "कुलपं कुणी तोडली?"

"मी," माझा नवरा म्हणाला.

"मी," दीर म्हणाला.

दोघंही एकदमच बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर संताप होता.

"दोघांनी मिळून तोडली?"

"नाही, मी एकट्याने," नवरा म्हणाला.

"साहेब, तो खोटं बोलतोय," दीर म्हणाला. "एकट्याने मी तोडली."

"म्हणजे यावरही तुमचं एकमत नाही," न्यायाधीश म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "साहेब, कुलपं…"

"तू खाली बस!" नवरा ओरडला.

"वहिनी, तुम्ही बसा!" दीर ओरडला.

मी बसले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाच मिनिटं बाहेर जा," ते म्हणाले, "आणि काहीतरी एक ठरवून या."

बाहेर व्हरांड्यात एक बाकडं होतं. त्यावर दोघं बसले, मध्ये मला बसवून. मी उठून बाजूला झाले.

"तुला साधा खिळा ठोकता येत नाही," दीर म्हणाला. "तू कुलूप तोडलंस हे कुणाला पटेल?"

"घर माझं, बोळ माझा. तू तिथे आलास कसा, हे विचारतील."

"माझ्या घरी दोन करवती आहेत."

"माझ्या घरी एक सापडली."

"दादा, तू सरकारी नोकर आहेस. नोकरी जाईल. गप मला तोडू दे."

"तुझं दुकान कोण बघेल मग? मी?"

तीन वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते, आणि कोणाला आत टाकायचं यावरून भांडत होते. मला हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही, कारण माझ्या नवऱ्याला मुद्दा सापडला होता.

"थांब," तो म्हणाला. "माझं कुलूप मी तोडलं. तुझं तू तोडलंस. स्वतःचं कुलूप काढलं, त्यात अवमान कसला? दोघांची संमती होती, असाच त्याचा अर्थ होतो."

दिराने त्यात खोट शोधली. सापडली नाही. "हे चालेल," तो म्हणाला.

"चालेलच. आपापलं कुलूप आपण कधीही काढू शकत होतो."

हे तो नकाशातली रेघ जुळल्यासारखं खुशीत म्हणाला. मग त्याचं बोलणं त्यालाच ऐकू आलं. दीर खाली बघत होता.

"आणि किल्ल्या कुठे होत्या?" मी विचारलं.  "पोरगी जिन्यात बसली होती, ओठ निळे पडले होते, तेव्हा तुमच्या किल्ल्या कुठे होत्या?"

नवऱ्याचा हात खिशापाशी गेला आणि तिथेच थांबला. दिराने शर्टाच्या आतून गळ्यातली दोरी बाहेर काढली, तिला किल्ली होती. ती त्याने मुठीत धरली.

शिपायाने दारातून आमचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. दोघांपैकी एकही उठला नाही.